दाराआडचं इंग्रजी

१२ जानेवारी, सोमवार

पूजा आटोपून बाहेर आलो तर फ्रिजवर इंग्रजीच्या सरावाची वही परत आलेली. वीसपैकी सतरा बरोबर. धाकटीचं अक्षर पहिल्या पानांपेक्षा मोकळं झालंय. चुकलेली तिन्ही एकाच जातीची, नामाच्या जागी क्रियापद. खाली लिहिलं : 'काम करायला सांगितले आहे की कामाचे नाव घेतले आहे, हे आधी पाहावे. मग शब्द निवडावा.'

वहीत मी सगळं असंच लिहितो. पाहावे, निवडावा, सोडवावे. 'तू लिही' म्हणायची सवय नाही. 'तुम्ही लिहा' म्हणावं तर ती धाकट्या भावाची, दिलीपची बायको, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, हे आईनं तिला लग्नाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला बावीस वर्षं झाली. गावात आता हे कुणी पाळत नाही. गाव तरी कुठं राहिलंय, पालिकेत गेलं. आमच्यात चाललंय, आणि आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

लेखी ८ फेब्रु., तोंडी १७. हॉस्पिटलात ती चौदा वर्षं ऑपरेशनची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेच्या यंत्रातून काढून देते. आता त्याच खात्याची इन्चार्ज व्हायची संधी. दोनदा इंग्रजीनं घालवली. वयाची अट बेचाळीस, तिला एप्रिलमध्ये बेचाळीस पूर्ण. म्हणजे ही शेवटची.

यंदा होणार. काम तिला येतं. शब्द मी देतो.

१३ जानेवारी, मंगळवार

प्रेसमध्ये खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचं प्रूफ. नव्या साहेबांनी 'स्टोअर'चं 'स्टोरेज' करून पाठवलेलं. 'स्टोरेज इन अ कूल प्लेस.' लाल रेघ मारून परत पाठवलं. साहेब खाली आले.

"काका, दोन्हीचा अर्थ एकच ना?"

"घराणं एक आहे. काम वेगळं. इथं पेशंटला सांगायचंय की ठेव. 'स्टोरेज' म्हणजे ठेवण. ठेवण सांगून कोण काय ठेवणार?"

"पण लोकांना समजतं हो."

"औषधाच्या खोक्यावर लोकांना समजून घ्यावं लागू नये."

मशीनवर शेखभाई होते. मान खाली घालून हसले. साहेब गेल्यावर म्हणाले, "तेवीस वर्षांत तुमची लाल रेघ कुणी पुसलेली मी बघितली नाही." मीही नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

वहीत आज आमच्या गुरव सरांची युक्ती लिहिली. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा सर म्हणाले होते, इंग्रजी शब्द एकेकटा पाठ करू नका, भावकी बघा. जत्रेत कसं, आडनाव एकच, पण एका घराला पालखीचा मान, एकाला काठीचा, एकाला नारळाचा. काठीवाल्यानं पालखीला खांदा लावला की भांडण. तसंच नाम, क्रियापद, विशेषण.

मग तिच्याच कामाची भावकी मांडून दिली :

'स्टराइल' – निर्जंतुक. वस्तू कशी आहे ते सांगणारा.
'स्टरिलाइज' – निर्जंतुक करणे. कामाचा माणूस.
'स्टरिलायझेशन' – त्या कामाचे नाव.
'स्टरिलायझर' – यंत्र.
'स्टरिलिटी' – ती अवस्था. हा घरात बसून असतो, क्वचित बाहेर पडतो.

आणि खाली, जरा ऐटीत, 'क्लीन म्हणजे स्वच्छ, स्टराइल म्हणजे अतिशय स्वच्छ.'

१७ जानेवारी, शनिवार

वही परत. भावकी सगळी बरोबर. पण माझ्या शेवटच्या ओळीवर पेन्सिलीनं बारीक खूण आणि शेजारी : 'अतिशय स्वच्छ नाही. स्वच्छ डोळ्याला दिसतं. निर्जंतुक दिसत नाही. चमचा चकचकीत असेल तरी निर्जंतुक नसेल. दोन्ही वेगळे.'

दोनदा वाचलं. तेवीस वर्षं मी 'स्टराइल' हा शब्द खोक्यांवर तपासतोय. बरोबर लिहिला आहे एवढंच बघत होतो.

माझी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'मान्य.'

१९ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी धाकटी ओट्याशी भाकऱ्या करत होती, मी बाहेरच्या खोलीत, आई मधल्या दारात लसूण सोलत. वहीत 'से' आणि 'टेल'चा घोळ होता. सकाळपर्यंत थांबवेना.

"आई, तिला म्हणावं, 'टेल'ला लगेच माणूस लागतो. कुणाला सांगितलं ते. 'से'ला लागत नाही."

आई आत वळून, "ऐकलंस का गं? टेलला मानूस लागतो."

आतून हळू, "आत्या, विचारा, 'से'ला माणूस आणायचाच असेल तर?"

आई बाहेर वळून, "सेला मानूस आनायचा आसंल तर?"

"मग मध्ये 'टू' घालायचा. 'से टू हर'. 'टेल'ला तो 'टू' नको. 'टेल हर'."

आई लसूण सोलायची थांबली. "म्हंजी टेल थेट जातो आन् सेला मधी कुनीतरी लागतो. आसंच ना?"

इतकं नीट मी सांगू शकलो नसतो. आईचं शिक्षण दुसरी.

२५ जानेवारी, रविवार

दिलीप मंडईत माल टाकून दहाला आला. टेम्पोची किल्ली वहीवर ठेवून म्हणाला, "दादा, इतकं इंग्रजी शिकवून ठेवलंस तर मला घरात कोण विचारणार?"

"आता कोण विचारतं?" हे वंदना, माझी बायको.

आज तोंडीची तयारी म्हणून प्राचीला समोर बसवलं. दिलीपची मुलगी, इंजिनिअरिंगला, इंग्रजी फाडफाड. पण धाकटीनं दोन शब्द उच्चारले की तिसरा हीच बोलते. "मम्मी, इट्स नॉट लाइक दॅट, यार." पाच मिनिटांत धाकटी उठून कुकर लावायला गेली. कुकर आधीच लावलेला होता.

लिहिणं जमलंय. बोलणं राहिलं. वंदनाला इंग्रजी नाही. उरलो मी.

२८ जानेवारी, बुधवार

भैरवनाथाला गेलो. काही मागितलं नाही. मागायची सवय नाही. परतताना चालता चालता विचार : मर्यादा मोडायची तर आईला दुखवायचं. न मोडायची तर धाकटीची शेवटची संधी. दोन्ही टाळून काही…

सापडलं. उद्या आईशी बोलतो.

२९ जानेवारी, गुरुवार

आईला म्हटलं, तू कमिटी व्हायचं.

"म्हंजी काय करायचं?"

"दारात बसायचं. मी इंग्रजीत प्रश्न विचारणार, ती तुझ्याकडे बघून इंग्रजीत उत्तर देणार. झालं की तू 'येस' म्हणायचं."

"मला कळंल का?"

"कमिटीला कळावंच लागतं असं नाही."

आईला हे पटलं.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिली बैठक. आई नऊवारी बदलून, चष्मा पुसून खुर्चीत. धाकटी ओट्यापाशी उभी, डोक्यावर पदर. मी बाहेर दिवाणावर, मला आईची पाठ दिसते फक्त.

"व्हॉट इज युवर ड्यूटी?"

आतून, "आय… क्लीन द इन्स्ट्रुमेंट्स. आय पॅक. देन आय स्टरिलायझेशन."

"'स्टरिलाइज'. आई, तिला म्हणावं, पालखी चुकीच्या घरात गेली."

आतून हसण्याचा आवाज. धाकटीचं हसणं मी क्वचित ऐकलंय, दार लोटलेलं असताना.

"आय स्टरिलाइज."

आई, "येस!"

दिलीप आंघोळीहून येत होता. "वा, आई चेअरमन झाली! आता डॉक्टरलापन झापणार."

"तू चार वाक्यं बोलून दाव इंग्रजीत, मग बोल."

"आई, मी मंडईत बोलतो तेवढ्यात भागतं."

४ फेब्रुवारी, बुधवार

बैठका रोज, अर्धा तास. आज 'सी', 'लुक', 'वॉच'. 'सी' म्हणजे दिसणं, आपण काही करावं लागत नाही. 'लुक' म्हणजे नजर वळवून बघणं. 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवून राहणं, यंत्राच्या काट्यावर ठेवतो तसं. 'लुक'ला पुढे 'ॲट' लावल्याशिवाय कुणाकडे बघता येत नाही.

तिची वाक्यं आता लांब होतात. प्रश्न माझा, नजर आईकडे, उत्तर आईला. आईचं 'येस' इतकं ठाम झालंय की चुकीच्या वाक्यालाही पडतं.

८ फेब्रुवारी, रविवार

लेखी झाली. संध्याकाळी आईमार्फत निरोप : "भाऊजींना सांगा, पन्नासातला एकच चुकला."

कोणता ते विचारायला लावलं. 'ॲडव्हाइस'. क्रियापद मागितलं होतं, तिनं नाम लिहिलं आणि बाहेर पडल्यावर आठवलं. बाहेर पडल्यावर आठवतं त्याला येतं असंच म्हणायचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेखीत सातजणींत दुसरी. तोंडीला चौघी. वंदनानं शिरा केला. मी शेखभाईंना डब्यात नेला. म्हणाले, "मिठाईत घाई नका करू."

"घाई नाही. खात्री आहे."

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. सगळ्यांचा उपास. आई भुकेनं कडक, 'येस' मिळेना. धाकटीनं न अडखळता सात मिनिटं यंत्राचं काम सांगितलं. कपड्यात हत्यारं कशी बांधायची, आत कशी रचायची, दाब, वेळ, सुकवणं. मी एकदाही मध्ये पडलो नाही.

तयार आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी दुपारी तोंडीहून परत आली आणि सरळ मागच्या खोलीत गेली. जेवली नाही. वंदना म्हणाली, आज काही विचारू नका.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वंदनाकडून कळलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

तिघंजण होते. मधे डॉक्टर, एका बाजूला मेट्रनबाई, दुसऱ्या बाजूला ऑफिसचे एक साहेब. डॉक्टरांनी विचारलं. धाकटीनं नीट उत्तर दिलं. मेट्रनबाईंना. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला. उत्तर मेट्रनबाईंना. डॉक्टर म्हणाले, "टेल मी, नॉट हर." ती घाबरली आणि मेट्रनबाईंकडे अजूनच बघायला लागली. साहेबांनी विचारलं, तेही उत्तर मेट्रनबाईंना. एकही उत्तर चुकलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, काम येतं, भाषा येते. पण इन्चार्जला सर्जनला तोंडावर सांगावं लागतं की ही हत्यारं अजून तयार नाहीत, मिळणार नाहीत. ही माझ्याकडे बघतही नाही, मला 'नाही' काय म्हणणार?

पुरुषानं विचारायचं, तिनं मधल्या बाईला सांगायचं. सोळा दिवस रोज अर्धा तास मीच पक्कं करून घेतलं. कुणी दुसरं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन बंद असताना शेखभाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शाईचा हात फडक्याला पुसत म्हणाले, "म्हणजे प्रूफ बरोबर होतं. पत्ता चुकला."

मग थोड्या वेळानं, "तुमच्या घरातलं मी काय बोलणार. पण आमच्याकडं अब्बा गेल्यावर अम्मीनं पडदा ठेवून दुकान चालवलं. तीस वर्षं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून. पडदा डोक्यावर असतो दादा, डोळ्यांवर नाही."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलातून फोन आला. मेट्रनबाईंनी शब्द टाकला आहे. धाकटीला आणि आणखी एकीला २४ ला परत बोलावलंय. फक्त डॉक्टर असतील. दहा मिनिटं. निकाल त्याच दिवशी पाचला.

चार दिवस आहेत.

पहाटे देवळात उभा होतो. रोज उभा राहतो, आज लक्षात आलं की तिथं मी नजर खाली घालत नाही. दर्शन घ्यायचं म्हणजे बघायचंच असतं, डोळ्याला डोळा देऊन. त्यात अनादर असता तर देवाच्या मूर्तीला एवढे मोठे डोळे कुणी बसवले नसते.

आईशी बोलायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी आई वाती वळत होती. शेजारी बसलो.

"आई, कमिटी बंद करावी लागेल."

"मला वंदीनं सांगितलंय समदं."

"तिला समोर बसवून बोलायला लावायचंय. माझ्याकडे बघून. तुझी परवानगी असेल तरच."

आई वळत राहिली. मला वाटलं नाही म्हणणार. मग आपणहून बोलायला लागली. माझ्या थोरल्या चुलत्यांचं. मला ते फार आठवत नाहीत, मी चार वर्षांचा असेन.

"दादा आजारी व्हते. समदी शेतावं. मी घरात एकली, तू झोपलेला. आतल्या खोलीतनं म्हनले, पानी. मी तांब्या भरला. उंबऱ्यावं ठिवला आन् बांगड्या वाजवल्या. आमच्यात तसंच व्हतं, बांगड्या वाजल्या की समजायचं आनून ठिवलंय. त्यांना उठवत नव्हतं. परत म्हनले, पानी. मी परत बांगड्या वाजवल्या."

"मग?"

"मग काय. शेजारची म्हातारी आली तिनं पाजलं. त्यानंतर म्हैनाभर व्हते ते. कदी बोलले न्हाईत. पर मला म्हाईत हाय ना, तांब्या किती लांब व्हता. चार पावलं."

आईनं वातींचं ताट बाजूला सारलं. "बसव तिला. मी देवळात जाते तवर. माझ्यासमोर तिला जमायचं न्हाई."

२२ फेब्रुवारी, रविवार

आई खरंच देवळात गेली. वंदना घरात, पण पलीकडे. दोन खुर्च्या, मधे टेबल, वही. धाकटी आली, पदर डोक्यावर, बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकाच टेबलाशी.

तयारी केली होती ती सगळी तिची. माझी केलीच नव्हती.

शेवटी मी इंग्रजीत म्हटलं, "गुड मॉर्निंग." मराठीत ते म्हणायला मला नेमकं काय म्हणावं लागलं असतं, ठाऊक नाही.

"गुड मॉर्निंग, सर." नजर माझ्या सदऱ्याच्या खिशावर.

दोन प्रश्न झाले. उत्तरं खिशाला मिळाली. मी म्हटलं, "नॉट ॲट द पॉकेट." तिनं नजर उचलली ती माझ्या हनुवटीपर्यंत. मग परत खिसा. अर्ध्या तासात याच्या पुढे काही सरकलं नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट. मलाही घाम.

आई परत आली. चप्पल काढता काढता आमच्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ आत गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

प्रेसमधून लवकर सुटलो. तेवीस वर्षांत दुसऱ्यांदा. साहेब म्हणाले, जा काका. माणूस वाईट नाही.

परत टेबल. आई देवळात. पहिली दहा मिनिटं कालच्यासारखीच. मग ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. खरेखुरे, घाईतले. म्हटलं, ऑपरेशन आहे, हा हत्यारांचा पुडा मला आत्ता हवा. ती म्हणाली, "नॉट रेडी, सर." खिशाला.

मी म्हटलं, बाहेरच्या पट्टीवरच्या, म्हणजे टेपवरच्या, रेघा वाफेनं काळ्या झाल्या आहेत. "सो इट इज स्टराइल. गिव्ह मी."

हे मी परीक्षा म्हणून म्हटलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं.

"नो, सर."

मान वर झालेली. माझ्याकडे, थेट.

"यू आर राँग. द टेप सेज ओन्ली, इट वेंट इनसाइड द मशीन. इट डझ नॉट से, इट इज स्टराइल. आतली पट्टी बघायला लागते, आणि मशीनची नोंद. नॉट विदाउट दॅट. आय विल नॉट गिव्ह." मध्ये मराठी आलं तरी थांबली नाही. "पेशंटच्या पोटात जातं ते. तुम्हाला घाई आहे म्हणून मी कसं देऊ?"

मग तिला कळलं की ती कुणाशी बोलतेय. मलाही कळलं. पण नजर खाली गेली नाही.

दारात आई उभी. कधी आली कोण जाणे. "काय म्हनली?"

"मी चुकलो असं म्हणाली."

"चुकलास का?"

"हो."

आई तिला म्हणाली, "मग बरुबर बोललीस," आणि हातपाय धुवायला गेली.

वंदनानं चहा आणला. तिघांनी तिथंच बसून घेतला. धाकटीनं वही ओढून माझं 'टेप' शब्दाचं पान काढलं आणि त्यात दोन ओळी वाढवल्या. मला वाचायला दिली. फ्रिजवर नाही, हातात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे दिलीप टेम्पो घेऊन निघाला तेव्हा म्हणत होता, "दादा, काल माझ्या बायकोनं तुला झापलं म्हणे. मला बावीस वर्षं झापतीय, माझं कुणी कौतुक करत नाही."

साडेआठला मी निघायच्या तयारीत. धाकटी आतून आली. इतकी वर्षं ती निघताना आईला सांगून निघते, आई मला सांगते. आज आईच्या पाया पडून पुढे आली, माझ्यापासून तीन हातांवर थांबली. पदर होताच.

"भाऊजी, येते."

वहीत इतके दिवस जे टाळलं ते आता टाळता येईना. 'जाऊन यावे' असं कुणी माणूस माणसाला म्हणतो का?

"ये," म्हटलं. "आणि घाईतला डॉक्टर असला तरी घाई करू नको."

"नाही करणार." हसली. मग गेली.

ती फाटकापाशी पोचली तेव्हा हाक मारली. मीच. तिचा नंबर घेतला. एका घरात बावीस वर्षं, माझ्या फोनमध्ये प्रेसच्या वॉचमनचा नंबर आहे, तिचा नव्हता. नाव टाकायची वेळ आली तेव्हा बोट थांबलं. 'सुनंदा' टाकलं. पहिल्यांदाच लिहिलं.

दुपारी दिलीपचा फोन. "दादा, पाचला कळेल. कळलं की लगेच तुला सांगतो."

"तू नको सांगू. तिला म्हणावं मला फोन कर. जे असेल ते."

"अरे, मीच सांगतो की—"

"तिलाच करू दे."

चार चाळीस. आज प्रूफ तीन आली, एकातही चूक सापडली नाही. शेखभाईंनी मशीन थांबवलंय, म्हणतात शाई भरतोय. भरलेली आहे.

तिनं डॉक्टरांच्या डोळ्यात बघितलं असणार. त्याबद्दल मला शंका नाही. बाकीचं त्यांच्या हातात.

फोन टेबलावर, उताणा ठेवलाय.